बागेच्या फलकावरील ‘कै.’ बाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
कमळजापेठ नगरपंचायत,
ता. आंबेगाव, जि. पुणे.

दिनांक : ६ मे २०२५

अर्जदार : लंकाबाई हौशीराम पोखरकर, रा. वरची आळी, कमळजापेठ.

विषय : बाजारतळामागील बागेच्या फलकावरील ‘कै.’ हे अक्षर झाकल्याबद्दल आलेल्या नोटिशीचा खुलासा; तसेच बागेचे नाव व कुलूप यांबाबत विनंती.

संदर्भ : १) डिसेंबरच्या सर्वसाधारण सभेतील नामकरणाचा ठराव. २) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज. ३) आपल्या कार्यालयाची एप्रिलमधील नोटीस.

महोदय,

नोटिशीत खुलासा थोडक्यात मागितला आहे. अर्जदाराने तसा प्रयत्न करून पाहिला, परंतु थोडक्यात लिहिले की अर्जदार वेडी आहे असेच वाटते. म्हणून घडले तसे सविस्तर सादर करीत आहे. अर्जदार सातवी पास आहे. तिने सांगितले व सून रुपाली हिने लिहून घेतले. जिथे माणसांचे बोलणे आले आहे तिथे ते बोलले तसेच ठेवले आहे, याबद्दल राग नसावा.

अर्जदाराचे पती हौशीराम पोखरकर हे गावाची नगरपंचायत झाली तेव्हा पहिल्याच निवडणुकीत नगरसेवक झाले. त्या काळात अर्जदाराच्या घराचा ओटा सकाळी उजाडायच्या आत भरत असे. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाचे गटार तुंबले, कुणाच्या दारातला खांबावरचा दिवा गेला. चहाचे पातेले चुलीवरून उतरत नसे. बाजारतळामागच्या जागेत तेव्हा सगळे गाव कचरा टाकीत होते व तिथे दुकानगाळे काढायचे घाटत होते. पतींनी सभेत भांडून ती जागा बागेसाठी राखून घेतली आणि बकुळ, कडुनिंब, कांचन अशी झाडे स्वतः लावली. पुढच्या निवडणुकीत ते पडले. दुसऱ्या दिवशी ओटा रिकामा होता. तरी ते रोजच्या वेळेला धुतलेले कपडे घालून ओट्यावर येऊन बसत. अर्जदार दोन कप चहा करी, एक त्यांचा आणि एक कुणी आलेच तर म्हणून, आणि तो दुसरा कप थंड झाल्यावर मोरीत ओती. असे वर्षभर चालले असेल. मग एका ज्येष्ठातल्या सकाळी “टाकी भरली का बघून येतो” म्हणून ते बाहेर पडले. पाण्याच्या टाकीपाशी लोकांनी त्यांना पाहिले. तिथून ते पुढे चालत गेले, ते आजतागायत घरी आले नाहीत.

याला सात-आठ वर्षे झाली. पोलिसांत बेपत्ता म्हणून नोंद आहे. अर्जदाराने आळंदी पाहिली, त्र्यंबकेश्वर पाहिले, निरगुडसरचे माहेरचे लोक पार गाणगापूरपर्यंत जाऊन आले. मुलगा अमृत पारगावला साखर कारखान्यात कामाला आहे. कुठे बेवारस प्रेत सापडले व वय जुळत असले की पोलिसांचा फोन त्याला येतो, आणि तो पाळी बदलून घेऊन ओळख पटवायला जातो. आल्यावर तो आंघोळ करतो आणि जेवत नाही. ‘ते नव्हते’ एवढे तो अर्जदारास दारातूनच सांगतो.

डिसेंबरच्या सभेत बागेला पतींचे नाव देण्याचा ठराव झाला. ठराव मांडणारा भरत हा पतींचा पुतण्या, आपल्या नगरपंचायतीचा सध्याचा सदस्य. त्याच्या मनात वाईट नव्हते, हे अर्जदार आजही सांगेल. तो पेढे घेऊन घरी आला व म्हणाला, “काकू, तात्यांचं नाव आता कायमचं झालं.” अर्जदाराने देवापुढे साखर ठेवली. कुणीतरी त्यांना विसरले नाही याचे तिला फार बरे वाटले. जानेवारीत फाटकाशी फ्लेक्स लागला तेव्हा ती आवर्जून पाहायला गेली. फ्लेक्सवर पतींचा जुना फोटो होता, फोटोला छापील हार होता आणि नावाआधी ‘कै.’ होते. शेजारीच लोखंडी फलकही त्याच अक्षरांनी रंगवून तयार होता.

त्या दिवशी दुपारपासून आळीतल्या बायका अर्जदाराकडे बसायला येऊ लागल्या. काही जणी रडल्या. एकीने तर घरून भाकरी-पिठले करून आणले, कारण सुतकाच्या घरात चूल पेटवीत नाहीत. अर्जदाराने चूल पेटवलेली पाहून ती बावरली आणि टोपली तशीच घेऊन परत गेली. त्याच आठवड्यात संक्रांतीचे हळदीकुंकू होते. शेजारच्या घरी बायका रांगेने बसल्या होत्या. कुंकवाची कोयरी अर्जदारापर्यंत आली, क्षणभर थांबली आणि पुढच्या बाईकडे गेली. देणाऱ्या बाईने मान वर केली नाही. अर्जदार वाण न घेता उठली.

दुसऱ्याच दिवशी अर्जदाराने पहिला अर्ज दिला. मागणी एवढीच होती की नाव राहू द्यावे, ‘कै.’ काढावे. उद्यान विभागाने सांगितले की आमच्याकडे झाडे येतात, फलक बांधकाम विभागाकडे. बांधकाम विभागाने सांगितले की ठरावात जसे आहे तसे आम्ही रंगवले, ठराव बदलून आणा. ठराव बदलायचा तर महिन्याची सभा. फेब्रुवारीच्या सभेच्या दिवशी अर्जदार सभागृहाबाहेर बसून होती. तिचा विषय ऐनवेळच्या विषयांत शेवटी होता. चहा झाल्यावर सदस्य एकेक करून जिना उतरले आणि कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली. मार्चच्या सभेत विषय आला. तेव्हा असे निघाले की हयात व्यक्तीचे नाव सार्वजनिक जागेला द्यायचे नाही असे आपल्या नगरपंचायतीचे धोरण आहे. म्हणजे ‘कै.’ काढले तर नावही जाते आणि नाव ठेवायचे तर ‘कै.’ लागते. निर्णयासाठी अर्जदाराने एकतर पतींचा मृत्यूचा दाखला आणावा किंवा हयातीचा दाखला आणावा, असे सांगण्यात आले. जन्म-मृत्यूच्या खिडकीवर अर्जदाराने विचारले, तर मृत्यूची नोंद नव्हती. मग ते जिवंत आहेत असे लिहून द्या म्हटल्यावर खिडकीवरची मुलगी म्हणाली की मावशी, हयातीच्या दाखल्याला माणूस स्वतः हजर लागतो. तिचेही खरे होते. माणूस हजर असता तर अर्जदार तिथे कशाला गेली असती?

तोवर बागेला कुलूप होते. नाव ठरेना म्हणून उद्घाटन होईना, आणि उद्घाटनाआधी बाग उघडता येत नाही व नव्या नळजोडाला पाणी सोडता येत नाही, असे कळले.

घरीही या अर्जांवरून धुसफूस झाली. अमृतला ‘कै.’ राहिलेले हवे होते. अर्जदाराला वाटले की तो भरतच्या नादाला लागला, आणि ती त्याला नको ते बोलली. जेवणाचे ताट बाजूला सारून तो म्हणाला, “आई, लिहू दे त्यांना काय लिहायचं ते. मला आता कुणाच्या तोंडावरचं कापड उचलायचं नाय.” अर्जदाराने ते ताट उचलून झाकून ठेवले. परंतु तिने अर्ज मागे घेतला नाही. मुलाचे दुःख तिला दिसत होते आणि तरी ते दोन मात्रांचे अक्षर तिला सोसवत नव्हते. त्या दिवसांत ती घरात एका जागी बसत नसे. भाजी निवडता निवडता उठे, चप्पल घालून बाजारतळाकडे जाई, फलकापुढे उभी राही, परत येई आणि पुन्हा निघे.

एप्रिलमध्ये तिने औषधाच्या दुकानातून जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी आणली आणि फलकावरचे ‘कै.’ झाकले. कर्मचाऱ्यांनी पट्टी काढली. तिने पुन्हा लावली. हे बरेचदा झाले. अखेर सार्वजनिक मालमत्तेचे विद्रूपीकरण केल्याची नोटीस अर्जदारास आली. हे कृत्य अर्जदाराने केले आहे, शुद्धीवर असताना केले आहे, व ते नाकारावयाचे नाही.

नोटीस आली त्याच आठवड्याच्या बाजारच्या दिवशी अर्जदार पट्टी लावून शिडीवरून खाली उतरत होती. फ्लेक्सच्या सावलीत डोंगराकडची एक बाई करवंदांची पाटी घेऊन बसली होती. तिचे नाव सोनीबाई, राहणार डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडच्या एका वाडीवर. ती फोटोकडे बराच वेळ पाहत होती. मग तिने विचारले, “बाई, ह्या बाबाला काय झालं?”

“काय झालं म्हंजे?”

“हार घातलाय म्हनून इचारते. परवा तर आमच्यात भाकर खाऊन गेला.”

अर्जदार शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. सोनीबाईने तिला आपल्या तांब्यातले पाणी दिले आणि हळूहळू सगळे सांगितले. हा बाबा त्यांच्या वाडीवर पुष्कळ वर्षांपासून आहे. चालत आला होता. तेव्हा अंगात ताप होता, सोनीबाईचा नवरा गेणभाऊ याने त्याला पडवीत जागा दिली. नाव कधी कुणी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. तो आता मासेमारीची जाळी विणतो, फाटलेली दुरुस्त करतो. चांगला आहे, दाढी राखली आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

साहेब, हे ठिकाण आपल्या पेठेपासून सकाळी निघाले तर दुपारच्या जेवणाला पोचावे एवढ्याच अंतरावर आहे. अर्जदाराच्या माणसांनी गाणगापूरपर्यंत शोध केला होता.

अर्जदाराने अमृतला काही सांगितले नाही. खोटे निघाले तर त्याचा आणखी एक फेरा होईल, अशी तिला भीती होती. पुढच्या सोमवारी ती सून रुपालीला घेऊन निघाली. घोडेगावला डिंभ्याची गाडी आलीच नाही, वडापच्या जीपमधून जावे लागले. पुढे गेणभाऊने होडीतून पलीकडे नेले. चढ चढून गेल्यावर उंबराखाली पती बसलेले होते. मांडीवर जाळे पसरलेले, हातात विणायची सुई. त्यांनी दोघींना पाहिले. सुई थांबली आणि पुन्हा चालू लागली.

अर्जदारास सगळ्यात आधी राग आला तो त्यांची तब्येत चांगली असल्याचा. ते आजारी असतील, भ्रमिष्ट असतील, कुणी डांबून ठेवले असेल, असे सगळे तिने मनात धरले होते. त्यांचे खांदे भरलेले होते. दाढी नीट कातरलेली होती. इतक्या वर्षांचे साठवलेले बोलणे त्या क्षणी तिला एकही आठवले नाही. ती म्हणाली, “बागंच्या फलकावर तुमच्या नावापुढं ‘कै.’ लिवलंय.”

“कुणी?”

“भरतनं. सभेत ठराव झाला.”

“एकमतानं?”

“व्हय.”

ते थोडे हसले. “माझा एकबी ठराव कधी एकमतानं झाला न्हवता,” असे म्हणाले.

मग त्यांनी बसायला पोते टाकले, मडक्यातले पाणी आणून दिले. रुपाली पाण्याकडे तोंड करून लांब उभी राहिली. अर्जदाराने विचारले की आमचे काय चुकले. ते म्हणाले की कुणाचे काही चुकले नाही. बराच वेळ गाठी मारत राहिले आणि मग म्हणाले, “लंके, तिथं समदं गाव मला सारखी हाक मारीत व्हतं. नळ, गटार, दिवा. मग एकदम कुणीच हाक मारीना. मला ते पहिलंबी सोसलं न्हाई आन् दुसरंबी न्हाई. त्या दिवशी टाकी भरलेली व्हती. माझ्यावाचून भरली व्हती. मग पाय मागं वळलेच न्हाईत.”

“मी हाक मारीत व्हते की,” अर्जदार म्हणाली. “घरात.”

त्यांनी पुढची गाठ मारली. हयातीच्या दाखल्याचे सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. येणार नाही म्हणाले. नाव आहे तसे राहू दे, मेलेल्या माणसाला कुणी गटाराचे सांगायला येत नाही, असेही म्हणाले. तेव्हा अर्जदाराने त्यांना अमृतचे सांगितले. तो कुठे कुठे जातो, काय उचलून पाहतो, आल्यावर जेवत का नाही, ते सगळे सांगितले. त्यांनी जाळे बाजूला ठेवले. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि मान खाली घालून बसले. मग म्हणाले, “त्याला जाऊ नको म्हनावं आता.”

“तुमी सांगा.”

“मला न्हाई जमायचं.”

गेणभाऊने खालून हाक दिली, वारा सुटायच्या आत होडी परत न्यायची होती. निघताना ते उठून उभे राहिले व म्हणाले की अधनंमधनं येत जा. अर्जदार म्हणाली, “न्हाई येत. इतकी वर्सं रोज मनानं तुमच्यामागं हिंडतच व्हते की.” ती उतरणीला लागली. तिने मागे पाहिले नाही असे लिहिता आले असते, परंतु तिने पाहिले. ते पुन्हा जाळ्याशी बसले होते.

अमृत पाळीवरून आला तेव्हा अर्जदाराने त्याला ओट्यावर बसवून सांगितले. खात्री आहे का, एवढेच त्याने विचारले. आपल्या डोळ्यांनी पाहिले, असे तिने सांगितले. तो बुटाची नाडी सोडता सोडता थांबला आणि म्हणाला, “मग मी बघून आलो ती सगळी कुणाची होती?” मग तो रडला. लग्न झाल्यापासून त्याला तसे रडताना रुपालीने पाहिले नव्हते. वडिलांना भेटायला जायचे की नाही हे त्याने अजून ठरवलेले नाही, व अर्जदार त्याला विचारीत नाही.

भरतलाही अर्जदाराने बोलावून सांगितले. त्याचा चेहरा उतरला. निवडणुका तोंडावर आहेत, उद्घाटन होऊन जाऊ द्या, मग निवांत पाहू, तोवर कुणापाशी बोलू नका, असे तो म्हणाला. त्याची अडचण अर्जदारास समजते. तथापि गप्प राहिले तर तिच्याच अर्जांतून आजवर जे खरे म्हणून सांगितले ते खोटे पडते. म्हणून हा अर्ज.

तरी अर्जदार असे निवेदन करते की, तिचे पती हौशीराम पोखरकर हयात आहेत. सोनीबाई गेणभाऊ लोहकरे यांचे तसे निवेदन अंगठ्यासह सोबत जोडले आहे. पती स्वतः कार्यालयात हजर होणार नाहीत. आपल्याच धोरणानुसार हयात माणसाचे नाव बागेला देता येत नाही, करिता ‘कै.’ सह सर्व नाव फलकावरून काढावे व डिसेंबरचा ठराव रद्द करावा. अर्जदाराचे पूर्वीचे सर्व अर्ज या अर्जाने मागे घेतले आहेत असे समजावे. पट्टीचा चिकटा फलकावर राहिला आहे, तो रॉकेल लावून पुसून देण्यास ती तयार आहे. यापुढे पतींच्या वतीने ती कोणताही अर्ज करणार नाही. त्यांची प्रकृती उत्तम असून पाय धड आहेत. त्यांना काही कळवावयाचे असल्यास ते चालत येऊन कळवू शकतात.

राहिली एक गोष्ट. डिंभ्याहून आल्यापासून अर्जदारास घरात बसवत नाही. भांडी घासून होतात, दळण होते, आणि ती उंबऱ्याशी येऊन उभी राहते. आपण कुणाची वाट पाहतो आहोत ते तिला आठवत नाही, आणि आठवले की हातांना काय काम द्यावे ते सुचत नाही. बाजारतळामागे फाटकाच्या गजांतून पाहिले तर बकुळीची दोन झाडे शेंड्यापासून वाळत चालली आहेत. कांचनाने पाने टाकली आहेत. नळाची तोटी फाटकाच्या आतल्या अंगाला आहे, पाइप अर्जदार घरून आणील, नळजोडाला पाणी सुटेपर्यंत घागरीने घालील. पगार नको. बागेला नाव द्यावे न द्यावे, ते सभेने सवडीने ठरवावे. मे महिन्याची सभा अद्याप लागलेली नाही असे समजते. परंतु कुलपाची किल्ली आपल्याच टेबलाच्या खणात असते असे शिपायाने सांगितले. ती त्या शिपायाकडे देऊन खाली पाठवावी, ही विनंती.

आपल्या कार्यालयाच्या जिन्याखालील बाकड्यावर पाइप घेऊन बसलेली,

लंकाबाई हौशीराम पोखरकर
(सही)

लिहून घेणार : रुपाली अमृत पोखरकर